डमी मारताय? आधी जाडीचं गणित करा

हा या आठवड्याच्या एपिसोडचा लेखी भाग. तुम्ही बसमध्ये नाहीतर कंपनीच्या गेटवर कानात हेडफोन घालून ऐकता, तेव्हा आकडे एका कानाने येतात आणि दुसऱ्याने जातात. म्हणून या वेळची गणितं इथे सावकाश लिहून देतोय. बोलतानाची माझी ‘म्हणजे, म्हणजे’ तेवढी काढून टाकली आहेत.

आजचा विषय एका श्रोत्याच्या व्हॉइस नोटमधून आला. आयटीआय करून तो आता पैठणच्या एमआयडीसीत अप्रेंटिस आहे. त्याचा प्रश्न असा होता: ‘दादा, हायड्रो टेस्टच्या आधी आम्हाला सांगतात की लाइनला डमी मार. कोपऱ्यात प्लेटांचा ढीग असतो, त्यातली बसेल ती उचलायची आणि बोल्ट आवळायचे. पण कोणती प्लेट चालते आणि कोणती नाही, हे कसं ठरवायचं?’

प्रश्न एकदम बरोबर आहे. आता माझ्याबद्दल आधीच सांगतो. मी सॉफ्टवेअरवाला माणूस. बीटेक केलं, पण दिवसभर कीबोर्ड बडवतो, पाना धरत नाही. त्यामुळे रोज पाना धरणाऱ्यांना मी काम शिकवायला बसलेलो नाही. पण गणित आणि टेस्टिंग या दोन गोष्टी माझ्याही रोजच्या आहेत, आणि या प्रश्नाचं उत्तर बऱ्यापैकी गणितातच आहे. कोपऱ्यातल्या ढिगात ते सापडत नाही.

डमी म्हणजे नेमकं काय?

ज्यांना या कामाची ओळख नाही त्यांच्यासाठी दोन मिनिटं. कारखान्यात नवी पाइपलाइन टाकली किंवा जुनी दुरुस्त केली, की ती चालू करण्याआधी तपासतात. लाइन पाण्याने भरायची, पंपाने दाब वाढवायचा, नेहमीच्या कामापेक्षा जास्त दाबावर धरून ठेवायचं आणि कुठे गळतंय का ते बघायचं. यालाच हायड्रो टेस्ट म्हणतात. प्रोसेस पाइपिंगसाठी जगभर वापरला जाणारा एएसएमई बी३१.३ हा कोड सांगतो की पाण्याची टेस्ट डिझाइन दाबाच्या किमान दीडपट दाबावर करा, आणि किमान १० मिनिटं दाब धरून सगळे जॉइंट तपासा. म्हणजे लाइन १० बारसाठी बनवली असेल तर टेस्ट १५ बारवर.

आता लाइनची टोकं उघडी असतील तर दाब धरणार कुठे? म्हणून टोकं बंद करावी लागतात. जिथे मधूनच लाइनचे दोन भाग वेगळे करायचे असतात, तिथे दोन फ्लँजच्या मध्ये अडसर घालावा लागतो. या बंद करणाऱ्या प्लेटला कागदावर ब्लँक किंवा ब्लाइंड म्हणतात, आणि साइटवर डमी.

नावातच घोटाळा आहे बघा. डमी म्हटलं की वाटतं, खोटी, कामचलाऊ, दोन तासांपुरती वस्तू. पण टेस्ट चालू असताना त्या लाइनमधला सगळ्यात जास्त वाकवला जाणारा तुकडा बहुतेक वेळा तोच असतो. पाइप गोल आहे, त्यामुळे दाब त्याच्या भिंतीत सगळीकडून सारखा ओढ देतो. डमी मात्र सपाट असते आणि सगळा दाब तिच्या एकाच बाजूला असतो. शिवाय डिझाइन करताना पाइपवर कुणीतरी तास-दोन तास घालवलेले असतात. डमीवर अनेकदा एक मिनिटही घातलेलं नसतं.

झाकण नाही, भिंत आहे

पहिलं गणित सोपं आहे. दाब गुणिले क्षेत्रफळ म्हणजे जोर. १५ बार म्हणजे प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर साधारण १५.३ किलोचा भार. फोनवरच्या कॅल्क्युलेटरवर करून बघा:

– ५० मिमी पाइप: प्लेटवर सुमारे ३०० किलो
– १०० मिमी पाइप: सुमारे १.२ टन
– १५० मिमी पाइप: सुमारे २.७ टन
– ३०० मिमी पाइप: सुमारे १०.८ टन

गेजवरचा काटा चारही ठिकाणी तेच दाखवतोय, १५ बार. पण प्लेटला जाणवणारा जोर ३०० किलोपासून जवळपास ११ टनांपर्यंत गेला. व्यास दुप्पट झाला की जोर चौपट होतो. हे आकडे पाइपच्या आतल्या व्यासावर काढलेत. प्रत्यक्षात पाणी गॅस्केटपर्यंत पोहोचतं, त्यामुळे जोर थोडा जास्तच भरतो. ‘दाब तर तेवढाच आहे, मागच्या वेळी हीच प्लेट चालली होती’ हे वाक्य इथेच फसतं. मागच्या वेळी पाइप कोणता होता?

मग जाडी किती हवी?

बी३१.३ मध्ये ब्लँकच्या जाडीचं एक सूत्र दिलेलं आहे. घाबरू नका, दहावीच्या गणितात बसतं. पायऱ्या अशा:

१. टेस्टचा दाब घ्या, त्याला ३ ने गुणा.
२. प्लेटच्या पोलादाचा सुरक्षित ताण घ्या, म्हणजे कोडने परवानगी दिलेला ताण. त्याला १६ ने गुणा.
३. पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागा आणि वर्गमूळ काढा.
४. आलेल्या उत्तराला गॅस्केटच्या आतल्या व्यासाने गुणा. ही झाली किमान जाडी.
५. त्यावर गंज, घासलेला पृष्ठभाग, प्लेटच्या जाडीतला कमी-जास्तपणा यांसाठी भर घाला आणि बाजारात मिळणारी वरची जाडी घ्या.

आता करून बघू. टेस्टचा दाब १५ बार, म्हणजे १.५ मेगापास्कल. साध्या माइल्ड स्टीलच्या प्लेटचा सुरक्षित ताण उदाहरणासाठी १२० मेगापास्कल धरू. तीन गुणिले दीड, साडेचार. सोळा गुणिले १२०, एक हजार नऊशे वीस. भागाकाराचं वर्गमूळ येतं ०.०४८४. या दाबासाठी आणि या पोलादासाठी हा आकडा आता पक्का. पुढे फक्त व्यास बदलायचा:

– १०० मिमी लाइन, गॅस्केटचा आतला व्यास ११५ धरला: ५.६ मिमी
– १५० मिमी लाइन, व्यास १७० धरला: ८.२ मिमी
– ३०० मिमी लाइन, व्यास ३२५ धरला: १५.७ मिमी

म्हणजे १५० च्या लाइनला १० मिमीची प्लेट चालेल. ३०० च्या लाइनला १८ किंवा २० ची लागेल.

आता ढिगातली तीच १० मिमीची प्लेट कुणी मोठी कापून ३०० च्या लाइनला मारली तर काय होईल? सूत्र उलटं फिरवलं की प्लेटमधला ताण मिळतो, सुमारे २९७ मेगापास्कल. आपल्याकडे सर्रास मिळणाऱ्या आयएस २०६२ च्या ई२५० ग्रेडच्या पोलादाचा यील्ड २५० मेगापास्कल. यील्डच्या पुढे गेलेलं पोलाद वाकलं की परत सरळ होत नाही. म्हणजे प्लेट फुगून तिची बशी होणार. बशी झाली की गॅस्केटच्या कडेला फट पडते आणि तिथून पाण्याची धार सुटते. ६ मिमीची प्लेट मारली असेल तर गणिताने ताण ८०० च्या वर जातो. तिथे काय होईल ते बघायला कुणी समोर उभं राहू नये.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. व्यास दुप्पट झाला तर जाडी दुप्पट लागते. दाब चौपट झाला तर जाडी दुप्पट लागते. त्यामुळे मोठ्या व्यासाची, ‘कमी’ दाबाची लाइन दिसायला साधी असते आणि डमीच्या बाबतीत तीच जास्त फसवते.

हे सगळं गूगल शीटमध्ये एकदाच मांडून ठेवलं की पुन्हा डोकं लावायला नको. पण शेवटचा शब्द तुमच्या साइटच्या इंजिनिअरचा आणि त्या कामाला लागू असलेल्या कोडचा. माझं शीट प्रश्न विचारण्यापुरतं आहे. सही करायला ते पुरत नाही.

आता पैठण रोडवर या

हे आकडे कागदावर लहान वाटत असतील तर आपल्याच रस्त्यावरचं उदाहरण घेऊ. जायकवाडीहून छत्रपती संभाजीनगरला पाणी नेणारी नवी मुख्य जलवाहिनी २,५०० मिमी व्यासाची आहे, लांबी सुमारे ३९ किलोमीटर. डिसेंबर २०२० मध्ये या योजनेचं भूमिपूजन झालं. पैठण रोडने ये-जा करणाऱ्यांनी ते पाइप पाहिलेच असतील. आत उंच माणूस सरळ उभा राहून हात वर करू शकेल एवढे. शहराच्या जुन्या लाइनी ७०० आणि १,४०० मिमीच्या. त्यांच्यावर शहराने किती वर्षं काढली आणि नळाला किती-किती दिवसांनी पाणी आलं, हे तिकडच्या श्रोत्यांना वेगळं सांगायला नको.

नाथसागराची पूर्ण पातळी समुद्रसपाटीपासून साधारण ४६४ मीटर. शहर आहे ५६८ मीटरच्या आसपास. म्हणजे शंभरेक मीटरचा चढ. पाण्याच्या दर दहा मीटर उंचीमागे सुमारे एक बार दाब लागतो. एका दमात चढवायचं म्हटलं तर नुसत्या उंचीचेच दहा बार झाले, पाइपमधलं घर्षण वेगळं.

आता एक कल्पना करू. हे फक्त समजण्यासाठी आहे, योजनेतले आकडे नाहीत. एवढ्या व्यासाच्या पाइपचा एक तुकडा १५ बारवर तपासायचा आहे. टोकाच्या प्लेटवर किती जोर येईल? सुमारे ७५० टन. उसाने भरलेला ट्रक २५ टनांचा धरला तर तीस ट्रक एकावर एक रचून त्या एका प्लेटवर ठेवल्यासारखं.

सपाट प्लेट लावायची म्हटली तर सूत्राने जाडी येते १२१ मिमी. जवळपास पाच इंच! तिचं वजनच साडेचार टनांच्या वर. अशी प्लेट आणणार कोण, उचलणार कोण आणि लावणार कशी? म्हणून एवढ्या मोठ्या व्यासाला सपाट प्लेट परवडत नाही. तिथे फुगीर टोपी वेल्ड करतात, डिश एंड. टॅंकरच्या मागच्या बाजूला गोलसर फुगवटा असतो ना, तोच आकार. त्याच दाबाला, तेवढ्याच सुरक्षित ताणाला, लंबगोल डिश एंडची जाडी येते सुमारे १६ मिमी. १२१ विरुद्ध १६.

असं का? आपल्या घागरीचा नाहीतर रांजणाचा तळ बघा. गोलसर असतो. नाथांच्या वाड्यातला रांजण पैठणला येणारा प्रत्येक जण बघून जातो, पण त्याचा आकार असा का, हे फार कुणी विचारत नाही. गोल पृष्ठभागावर दाब आला की तो वाकत नाही, ताणला जातो, आणि पोलाद ताण चांगला सोसतं. सपाट प्लेट वाकते, आणि वाकताना सगळा भार तिच्या वरच्या आणि खालच्या थरावर येतो, मधलं पोलाद जवळजवळ रिकामं बसून राहतं.

अजून एक प्रश्न उरतो. प्लेट मजबूत निघाली, पण ती ज्या पाइपला लावली त्याला कोण धरणार? वेल्ड केलेल्या पोलादी पाइपमध्ये दोन्ही टोकांचा जोर पाइपच्या भिंतीतूनच एकमेकांना तोलतो. पण रबर रिंगवर बसवलेले जॉइंट असतील, एकात एक सरकवलेले, तर ते ओढ सोसत नाहीत. टोकाला जोर आला की जॉइंट सुटून बाहेर येतो. म्हणून तिथे टोकाला आणि वळणांवर काँक्रीटचे ठोकळे बांधतात आणि काँक्रीट पिकल्यावरच टेस्ट घेतात. ‘दोन दिवस झाले, चालतंय की’ म्हणणारा एक जण प्रत्येक साइटवर असतो. त्याला ७५० हा आकडा सांगा.

कोणत्या जागी कोणती?

आता कारखान्यातल्या नेहमीच्या लाइनींकडे परत येऊ.

ब्लाइंड फ्लँज. लाइनच्या टोकाला लावायची तयार वस्तू. फ्लँजला भोक नसतं, एवढाच फरक. ती एएसएमई बी१६.५ प्रमाणे येते, तिच्यावर क्लास कोरलेला असतो. नेहमीच्या कार्बन स्टीलमध्ये साध्या तापमानाला क्लास १५० म्हणजे १९.६ बार, क्लास ३०० म्हणजे ५१.१ बार. समोरच्या फ्लँजचा क्लास आणि हिचा क्लास सारखा असेल तर जाडीचं गणित बनवणाऱ्याने आधीच केलेलं आहे. टोकाला शक्यतो हीच लावावी. भोकं जुळतात म्हणून क्लास जुळला असं मात्र समजू नका, कोरलेलं वाचा.

स्पेड. दोन फ्लँजच्या मध्ये सरकवायची गोल प्लेट, बाहेर शेपटी काढलेली. शेपटी हवीच, कारण आत प्लेट आहे हे बाहेरून तिच्यामुळेच कळतं. स्पेड घालताना गॅस्केट दोन लागतात, प्रत्येक बाजूला एक, आणि स्टडही लांब लागतात. जुनेच स्टड वापरले तर नट अर्धाच बसतो. नटाचे सगळे आटे भरले पाहिजेत.

स्पेक्टॅकल ब्लाइंड. म्हणजे चष्मा. आठच्या आकड्यासारखी, एक बाजू भरीव आणि एक बाजू भोकाची. जिथे वारंवार बंद-चालू करावं लागतं तिथे ही कायमची बसवतात. एक खूण लक्षात ठेवा: बाहेर भोक दिसतंय म्हणजे आत भरीव बाजू आहे, लाइन बंद. बाहेर भरीव दिसतंय म्हणजे लाइन उघडी. स्पेड आणि चष्मा दोन्हींची मापं एएसएमई बी१६.४८ मध्ये दिलेली आहेत.

कापून बनवलेली डमी. सगळ्यात जास्त वापरली जाते ती हीच, आणि वरचं गणित खास हिच्यासाठी. प्लेट एकसंध हवी, दोन तुकडे जोडलेली नको. कोणत्या ग्रेडचं पोलाद आहे ते माहीत हवं, म्हणजे टेस्ट सर्टिफिकेट आणि हीट नंबर. भंगारातला तुकडा १६ मिमी जाड असेलही, पण तो कशाचा आहे ते कोण सांगणार? गंजाचे खड्डे पडले असतील तर जाडी खड्ड्यात मोजायची. प्रेशर गेज किंवा एअर व्हेंटसाठी प्लेटला भोक पाडायचं असेल तर तेही हिशेबात धरायचं. मधोमध पाडलेलं भोक प्लेटला तिथेच कमजोर करतं जिथे ताण जास्त असतो.

बंद व्हॉल्व्ह. हा डमीच्या जागी चालत नाही. व्हॉल्व्हची बॉडी जेवढा दाब सोसते तेवढा त्याची बंद सीट सोसेलच असं नाही. शिवाय सीट थोडी गळली की पाणी नको तिथे जातं आणि टेस्टचा दाब उतरतो. मग गळती लाइनमध्ये आहे की व्हॉल्व्हमध्ये, हे शोधत बसा.

आणि गेज कुठे आहे तेही बघा. गेज २० मीटर वर रॅकवर असेल आणि त्यावर १५ बार दिसत असतील, तर खाली जमिनीजवळच्या डमीवर १७ बार आहेत. जाडी खालच्या आकड्यावर काढायची.

फ्लँज बिडाची असेल, म्हणजे कास्ट आयर्न, तर आणखी एक काळजी. तिचा चेहरा सपाट असतो. तिथे पूर्ण चेहऱ्यावर बसणारं गॅस्केट घ्यायचं. मधे उठाव असलेला ब्लाइंड लावून बोल्ट आवळले की बीड वाकत नाही, तडकतं.

पाणीच का, हवा का नाही?

हा प्रश्न दर वेळी येतो. ‘पाणी भरा, मग काढा, एवढा व्याप कशाला? कॉम्प्रेसर लावा.’

पाणी दाबलं तरी जवळजवळ आकसत नाही, त्यामुळे त्यात ऊर्जा फार कमी साठते. एक घनमीटर पाणी १० बारवर नेलं तर साठलेली ऊर्जा भरते साधारण २३० जूल. तेवढीच जागा १० बारच्या हवेने भरली तर आकडा दहा लाख जूलच्या वर जातो. हजारो पटींचा फरक. डमी सुटली तर पाण्याची धार लागेल आणि दाब लगेच उतरेल. हवेवर मात्र तीच डमी तोफेच्या गोळ्यासारखी जाईल. म्हणूनच बी३१.३ हवेच्या टेस्टसाठी दीडपट नाही, १.१ पट दाब सांगतो आणि वेगळी खबरदारी घ्यायला लावतो.

यातूनच एक साधा नियम निघतो. पाणी भरताना सगळ्यात उंच जागचा व्हेंट उघडा ठेवा आणि हवा पूर्ण निघू द्या. आत अडकलेली हवा म्हणजे पाण्याच्या टेस्टमध्ये लपलेली हवेची टेस्ट. दाब टप्प्याटप्प्याने वाढवा. डमीच्या समोर उभं राहू नका, बाजूला राहा. गळती दिसली तर आधी दाब उतरवा, मग बोल्ट आवळा. दाब असताना पाना लावायचा नाही. आणि टेस्ट झाल्यावर पाणी सोडताना वरचा व्हेंट आधी उघडा, नाहीतर आत निर्वात पोकळी होते आणि पातळ पाइप चक्क आत चेपतो.

मारलेली मोजा, काढलेली मोजा

आता शेवटचा भाग, आणि इथे मी माझ्या धंद्याचं बोलू शकतो. सॉफ्टवेअरमध्ये टेस्टपुरता एखादा दरवाजा बंद करतात, खोटं पेमेंट, खोटा ओटीपी. टेस्ट संपली की ते काढायचं असतं. कोणी, कुठे, काय बंद केलं याची नोंद नसेल तर ते तसंच लाइव्ह जातं. आमच्याकडे फार तर ॲप बंद पडतं. पाइपमध्ये विसरलेल्या डमीचा हिशेब वेगळा असतो.

१९८४ चं भोपाळ घ्या. २ डिसेंबरच्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यात पाइप पाण्याने धुतले जात होते. धुण्याआधी लाइनमध्ये घालायची स्लिप ब्लाइंड घातलेली नव्हती, ही गोष्ट नंतर पुढे आली. मिथाइल आयसोसायनेटच्या टाकीत पाणी नेमकं कोणत्या वाटेने पोहोचलं यावर कंपनीने वेगळा दावा केला आणि वाद बरीच वर्षं चालला. पण धोक्याचं रसायन असलेल्या लाइनला जोडलेले पाइप धुताना मध्ये प्लेट हवी, यावर वाद घालण्यासारखं काही नाही. व्हॉल्व्ह बंद आहे, एवढं पुरत नाही.

दुसरं उदाहरण उत्तर समुद्रातलं, पायपर अल्फा नावाचा तेलाचा प्लॅटफॉर्म. ६ जुलै १९८८. एका पंपाच्या लाइनवरचा सेफ्टी व्हॉल्व्ह दुरुस्तीसाठी काढला होता आणि त्या जागी ब्लाइंड फ्लँज लावली होती. संध्याकाळी पाळी बदलली. व्हॉल्व्ह जागेवर नाही हे रात्रपाळीला कळलं नाही. दुसरा पंप बंद पडला म्हणून त्यांनी हा चालू केला. ती ब्लाइंड फ्लँज दाब धरेल अशी आवळलेली नव्हती, तिथून गॅस सुटला, असा चौकशीचा निष्कर्ष होता. १६७ माणसं गेली.

एका ठिकाणी प्लेट घातलीच नव्हती. दुसऱ्या ठिकाणी होती, पण पक्की नव्हती, आणि ती तिथे आहे हे पुढच्या माणसाला माहीत नव्हतं.

म्हणून प्रत्येक डमीला नंबर हवा. शेपटीला टॅग बांधा, रंग लावा. रजिस्टरमध्ये लिहा: नंबर, जागा, जाडी, कुणी मारली, कधी मारली, कधी काढली. सोबत फोनने फोटो काढा, लोकेशन आणि वेळेसह. मात्र प्लँटमध्ये फोन चालतो का ते आधी विचारा, ज्वलनशील गॅसच्या भागात चालत नाही. ऑपरेशन थिएटरमध्ये टाके घालण्याआधी कापसाचे बोळे मोजतात ना, तसंच. आत गेले किती, बाहेर आले किती. आकडा जुळल्याशिवाय लाइन चालू करायची नाही.

स्क्रीनशॉट काढून ठेवा

डमी मारण्याआधी विचारायचे आठ प्रश्न:

१. टेस्टचा दाब किती? या जागी, सगळ्यात खाली, प्रत्यक्षात किती होईल?
२. टेस्ट पाण्यावर आहे की हवेवर?
३. गॅस्केटचा आतला व्यास किती?
४. प्लेट कोणत्या ग्रेडची? कागद आहे का?
५. गणिताने जाडी किती आली, आणि व्हर्निअरने मोजल्यावर किती आहे?
६. स्टडची लांबी पुरते का? सगळे बोल्ट लावले का? आवळताना समोरासमोरचे आवळले का?
७. सेफ्टी व्हॉल्व्ह, गेज, बेलोज यांपैकी जे टेस्टचा दाब सोसणार नाही ते काढलं का?
८. या डमीचा नंबर काय, आणि ती काढणार कोण?

अप्रेंटिस मित्रांनो, तुमच्यासाठी एक शेवटचं. ‘साहेब, या प्लेटची जाडी कुणी काढलीय?’ असं विचारणं म्हणजे उद्धटपणा नाही. आवाज नम्र ठेवा, प्रश्न मात्र विचारा. चांगला फिटर, चांगला सुपरवायझर या प्रश्नावर चिडत नाही, तो व्हर्निअर मागवतो. आणि कोणी चिडलंच, तर निदान प्लेटच्या समोरून बाजूला व्हा.

तुमच्या साइटवर डमीला काय म्हणतात, नोंद कशी ठेवतात, व्हॉइस नोट पाठवा. कंपनीचं नाव नको, पद्धत सांगा. पुढच्या एपिसोडमध्ये गॅस्केट: तेच जुनं परत का वापरायचं नाही, याची गोष्ट. तोपर्यंत काळजी घ्या, भेटू!